ताम्हणातला जेट

परवा माझा जीव कसा टांगणीला लागला होता ते ऐका. सासऱ्यांची जुनी कॉन्टेसा गाडी आमच्या दारात कधीची बंद उभी आहे. तिचा ओरिजिनल कार्बोरेटर शेवटी ह्यांना खेडच्या भंगारवाल्याकडे मिळाला. ह्यांनी तो पडवीत खोलला, आतले पितळेचे तुकडे वाटीत काढले आणि रॉकेल आणायला गेले. येऊन बघतात तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा शेंगदाण्याएवढा तुकडा, गायब. वाटीशेजारी आमचा दीड वर्षाचा ओम काहीतरी चघळत बसलेला.

मी धावत जाऊन ओमला उचललं.

हे म्हणतात, "अगो, ओरिजिनल होता तो. आता मिळायचा नाही."

"आणि पोर मिळेल दुसरं?"

ओमच्या तोंडात बोट घातलं तर फणसपोळी निघाली. पण जेट आधीच गिळला असला तर? मी डॉक्टरकडे जायला रिक्षा बोलावली, तेवढ्यात देवघरातून सासूबाईंनी विचारलं, "काय हरवलंय एवढं?"

"पितळेचा तुकडा, आई. भोक असलेला."

"तो होय. मला वाटलं समईचा पडलाय. देवाच्या भांड्यांबरोबर आमसुलाने घासून ताम्हणात ठेवलाय."

जेट सोन्यासारखा लखलखत होता. मी ओमला पोटाशी धरून तिथेच खाली बसले. हे मात्र उरलेल्या तुकड्यांची वाटी हळूच सासूबाईंपुढे सरकवत होते.