सोबत आलेल्यांनी बोलू नये

समुपदेशक : घाबरू नका आजी, ही पोलीसचौकी नाही. ऑनलाइन जुगारात महिन्याला किती पैसे लावायचे, ह्यावर सरकारने मर्यादा घातली आहे ना, ती लागोपाठ तीन महिने गाठली की खातं गोठतं आणि खेळणाऱ्याला एकदा इथे येऊन बसावं लागतं. एवढंच. तर सांगा, रोज साधारण किती वेळ खेळता?

आई : काय खेळते?

समुपदेशक : फोनवर. पैसे लावून.

आई : मी?

मुलगा : आई, जिन्यात सांगितलं ना तुला, मॅडम विचारतील त्याला नुसतं हो म्हणायचं…

समुपदेशक : एक मिनिट. माझ्या मागची पाटी वाचलीत? ‘सोबत आलेल्यांनी बोलू नये.’ पुन्हा बोललात तर बाहेर बाकावर बसावं लागेल.

मुलगा : सॉरी मॅडम. तिला जरा कमी ऐकू येतं.

आई : कान ठणठणीत आहेत माझे. दिसत नव्हतं. मोतीबिंदू काढला, आता तेही दिसतं. बाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय. आम्ही पेन्शनच्या कामाला आलोय. मी इस्पितळाच्या शिवणखात्यात होते, एकतीस वर्षं. चादरी, गाऊन, अभ्रे.

समुपदेशक : इथे पेन्शनचं काम होत नाही, आजी.

आई : ते दारावरच वाचलं मी. चांगली वीतभर अक्षरं आहेत. म्हटलं, दार चुकलं असेल. पण हा काही बोलला नाही, मग मीही बोलले नाही.

समुपदेशक : तुमच्या नावावर खातं आहे. आठ महिने झाले. दर आठवड्याला चेहरा पडताळावा लागतो, तोही तुमचाच आहे. इकडे पडद्यावर बघा. ओळखता का?

आई : अगं बाई, हे आमचं स्वयंपाकघर! मागे पिठाचा डबा. आणि ह्यात मी वेणीसुद्धा घातलेली नाही. हे असं सगळं तुमच्याकडे येतं?

समुपदेशक : येतं. ह्या तारखेला तुमच्या डोळ्यावर पट्टी आहे. त्या दिवशी सहा वेळा प्रयत्न झाला, यंत्राने घेतला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात नऊ वेळा.

आई : तेव्हा औषधाचे थेंब घालत होते. डोळे ओले असले की ते घेत नाही. पुसून पुसून माझा डोळा लाल झाला होता. पण दर रविवारी करावंच लागतं ना. जिवंत असल्याचा पुरावा. मी म्हटलंसुद्धा, पेन्शनवाल्यांना माझी एवढी काळजी? एवढी तर पोटच्या पोरालाही नसते.

समुपदेशक : पेन्शनसाठी करायचंय, असं कोण म्हणालं तुम्हाला?

आई : कोण म्हणजे…

समुपदेशक : आजी, तुम्ही उत्तर द्यायच्या आधी मी एक सांगते, मग बोला. माणशी एकच खातं, असा नियम आहे. स्वतःची मर्यादा संपली की लोक दुसऱ्याच्या चेहऱ्याने खेळतात. कुणी सासऱ्याच्या, कुणी शेजारणीच्या. परवा एकजण आला होता, त्याने झोपलेल्या आजोबांच्या पापण्या बोटांनी वर धरल्या होत्या. हे सापडलं तर दंड होतो. आणि तो माणूस परवान्यावर काम करणारा असेल, म्हणजे चालक, औषधविक्रेता, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, तर त्याच्या मंडळाला कळवावं लागतं. ते माझ्या हातात नाही. आता सांगा.

आई : प्रयोगशाळेतला पण?

समुपदेशक : हो.

आई : रक्त तपासतात ती प्रयोगशाळा?

समुपदेशक : तीच.

आई : मीच खेळते.

मुलगा : आई…

समुपदेशक : पाटी.

आई : मीच खेळते, बाई. म्हातारचळ. रिकामं घर, रिकामे हात. शिवणयंत्र विकलं तेव्हापासून बोटांना काम नाही. लिहा तुम्ही.

समुपदेशक : मघाशी तुम्ही पेन्शन म्हणालात.

आई : लाजेने म्हटलं. ह्या वयात जुगार खेळते असं कोण सांगेल? तुम्ही सांगाल?

समुपदेशक : बरं. कोणता खेळ?

आई : ते… फिरतं ते. रंगीत असतं. फळं येतात, घंटा येतात. लाल झालं की वाईट.

समुपदेशक : बरोबर. कुठे पाहिलंत हे?

आई : चष्म्यात.

समुपदेशक : चष्म्यात?

आई : म्हणजे चष्म्यातून. चष्मा लावून.

समुपदेशक : तुम्ही चष्मा लावलेला नाही. चिरंजीवांनी लावलाय.

आई : ऑपरेशननंतर सुटला. त्याच्या आधीचं सांगतेय मी. तुम्ही तरुण पोरी फार खोदून विचारता बाई.

समुपदेशक : तेच काम आहे माझं. दिवसातून कधी खेळता?

आई : सकाळी. न्हाणीघरात नळ सोडून. पाण्याच्या आवाजात घंटा ऐकू येत नाहीत, असं वाटतं. बादली कधीच भरलेली असते, पाणी आपलं वाहतंय. मग जेवताना, ताट डाव्या हाताला सरकवून. सुट्टीच्या दिवशी दुपारी, गॅलरीत कपडे वाळत घालायच्या निमित्ताने. अर्ध्या तासात दोन शर्ट वाळत घालून होतात.

समुपदेशक : तुम्ही शर्ट घालता?

आई : मुलाचे.

समुपदेशक : जिंकलात की काय करता?

आई : जिंकलं की आवाज बदलतो. लाडात येतो. दारातूनच, काय आणू, काय हवंय. मला एकदा पाय शेकायचं यंत्र आणलं, खोक्यातच आहे अजून. दुसऱ्या आठवड्यात ते परत करता येईल का, असं विचारलं.

समुपदेशक : तुम्ही स्वतःलाच यंत्र आणलंत.

आई : हो. मीच मला.

समुपदेशक : आणि हरलात की?

आई : हरलं की भांडी घासायची. कोणी न सांगता. सगळी, घासलेलीसुद्धा पुन्हा. मी पलीकडच्या खोलीतून ऐकते. म्हणजे… कळतं. जेवढी भांडी जास्त वाजतात, तेवढं जास्त गेलेलं असतं. पण विचारायचं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो, आणि मग आपणच त्याला खोटं बोलायला लावलं असं होतं.

समुपदेशक : घरात कोणाला सांगितलंत?

आई : नाही.

समुपदेशक : का?

आई : शहाणपणाची लाज वाटते, बाई. अडाणी माणूस फसला तर लोक म्हणतात, बिचारा. इथे तर गणित येतं. शंभर वेळा फिरवलं तर किती वेळा काय येणार, ते पाठ आहे. मालकाचाच फायदा होणार, हेही माहीत आहे. मलाच समजावून सांगितलं होतं कधीतरी, जत्रेतली चकती फिरताना. सहा वर्षांचा होता तेव्हा. ‘आई, ह्यावर पैसे नको लावू, कडेला खिळा वाकवलाय बघ.’ मग आता कोणाला सांगणार, की मला खिळा दिसतो आणि तरी मी लावतो?

समुपदेशक : लावते.

आई : लावते.

समुपदेशक : पाणी हवंय का, आजी? नको? त्यांना द्या मग. आजी, तुमच्याच पत्त्यावर दुसरं खातं आहे, चिरंजीवांचं. दर महिन्याच्या चार तारखेपर्यंत मर्यादेतले दहाच रुपये उरलेले असतात, म्हणून ते गोठत नाही. सोळा महिने झाले.

आई : तो माझ्यावर गेलाय.

समुपदेशक : बरं. आता हा कागद. दोन चौकोन आहेत. वरच्यात खूण केली तर खातं पाच वर्षांसाठी बंद, कुठल्याच कंपनीत उघडता येणार नाही. खालच्यात केली तर निम्म्या मर्यादेने पुन्हा सुरू.

आई : दोन चौकोन असतील हे माहीत होतं मला. खालच्यात कर, असं…

समुपदेशक : असं?

आई : असं मनात आलं होतं. बाई, बंद केलं तर कोणाचं बंद होतं?

समुपदेशक : ज्याचा चेहरा असेल त्याचं.

आई : आणि ज्याला लागलंय त्याचं?

समुपदेशक : तुम्हालाच लागलंय ना?

आई : हो हो. मलाच. असंच आपलं विचारलं. वरच्यात करते. हे घ्या. बघा, रेघ सरळ आली, अजून हात थरथरत नाही माझा.

समुपदेशक : साक्षीदार म्हणून मुलाची सही लागेल. आता तुम्ही बोलू शकता. वाचा आधी. ‘समोर बसलेली व्यक्ती आणि खाते वापरणारी व्यक्ती एकच आहे, हे मी स्वतः पडताळले आहे.’ खाली नाव, हुद्दा, कामाचं ठिकाण.

आई : कर बाळा. तुझी सही छान आहे. शाळेत बक्षीस होतं अक्षराला.

मुलगा : हुद्दा काय लिहू?

समुपदेशक : जो असेल तो.

मुलगा : नमुने घेतो मी. रक्ताचे. म्हणजे घेतोही आणि घेतलेले तपासतोही.

आई : रोज सह्याच करतो हो तो. एकेका दिवसात दीडशे नळ्या.

मुलगा : एकशे साठ. प्रत्येक नळीवर. नव्या मुलांना मीच शिकवतो. आधी लेबल चिकटवून ठेवायचं नाही. माणूस समोर बसला, त्याने स्वतःच्या तोंडाने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, मग सुई, मग लेबल, मग सही. एका मुलीने सहा महिन्यांपूर्वी दोन नळ्यांची लेबलं अदलाबदल केली. एका धडधाकट माणसाने चार दिवस स्वतःला आजारी समजून काढले, आणि खरा आजारी तसाच कामावर जात राहिला. मी सगळ्यांसमोर बोललो तिला. फार बोललो. म्हटलं, तुला लाज नाही वाटत?

आई : ते आत्ता कशाला काढतोस? सही कर आणि चल. माझे गुडघे आखडलेत.

मुलगा : तिने नोकरी सोडली, मॅडम. त्या दिवशी दुपारी यंत्रात नमुने फिरत होते, दहा मिनिटांचं चक्र असतं, आणि मी जिन्याखाली उभा राहून आईच्या चेहऱ्याने खेळत होतो.

(तो पेन टेबलावर ठेवतो.)

आई : बाई, त्याचं ऐकू नका. लहानपणापासून दुसऱ्याचं आपल्या अंगावर ओढून घ्यायची सवय आहे त्याला.

मुलगा : ती सवय तुला आहे, आई. मला नाही. मॅडम, ही सही नाही करता येत मला. लेबल तिचं आहे. आतलं रक्त माझं.

समुपदेशक : काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? मंडळाला कळवावं लागेल मला.

मुलगा : हो.

समुपदेशक : परवाना काही महिन्यांसाठी जाऊ शकतो. कायमचाही.

मुलगा : माहीत आहे. आठ महिने रोज वाचतोय तो नियम. पाठ आहे.

समुपदेशक : स्वतःहून सांगितलं, असं मी लिहीन. त्याचा किती उपयोग होईल, ते सांगू शकत नाही.

आई : मी खोटं बोलले त्याचं काय? मलाही दंड लावा. त्याला एकट्याला नको.

समुपदेशक : तुम्ही काय बोललात, आजी? मी अजून एक ओळही लिहिलेली नाही. नोंदीचा कागद कोराच आहे, आणि खूण केलेला तो फाडून टाकते. खुर्च्या बदला आता. तुम्ही इकडे कडेला या, सावकाश. आणि आता पाटी तुमच्यासाठी.

आई : नाही बोलत.

समुपदेशक : हं. रोज साधारण किती वेळ खेळता?

मुलगा : आईने सांगितलं ते सगळं बरोबर आहे.

समुपदेशक : तुमच्या तोंडून हवं.

मुलगा : सकाळी वीस मिनिटं. न्हाणीघरात. मला वाटायचं, ऐकू जात नाही.

आई : निदान नळ तरी बंद करत जा.

समुपदेशक : आजी.

आई : चुकलं.

मुलगा : मग जेवताना. मग कामावर, नमुने फिरत असताना. सुट्टीच्या दिवशी दुपारी. मिळून तीन, साडेतीन तास. भांडी वाजतात, हे मला माहीत नव्हतं.

समुपदेशक : कोणत्या चौकोनात खूण करणार?

मुलगा : वरच्या. आणि माझं स्वतःचंही खातं त्यात घ्या.

समुपदेशक : मग चेहरा लागेल. चष्मा काढा. सरळ बघा, ह्या गोलात. आता डोळे मिचकावा… नाही झालं. पुन्हा. अं हं. पुन्हा एकदा.

मुलगा : घेत नाहीये.

समुपदेशक : थांबा, उजेडाचं काही असेल.

आई : उजेडाचं नाही, बाई. बाळा, हा पदर घे, आधी डोळे पूस. ओले असले की घेत नाही ते.