तिरळा वॉचमन

आमचा वॉचमन तुम्ही पाहिला नसेल. टेबलावर मांडून खेळायच्या लढाईतला बोटभर प्लास्टिकचा सैनिक तो, मी आयुष्यात रंगवलेला पहिला. डोळे काढताना ब्रश घसरला आणि त्याचा एक डोळा गेटवर, दुसरा ट्रकवर असं झालं. म्हणून रियाजने त्याचं नाव वॉचमन ठेवलं.

रियाजचा लूमचा कारखाना शुक्रवारी बंद असतो, तेव्हा आम्ही दोघं तिथेच खेळतो. इतक्या वर्षांत रियाजला वॉचमन एकदाही मारता आला नाही. त्याला हवे तसे फासे पडायचेच नाहीत.

दरम्यान माझा हात बसला. भुवया, बटणं, गालावरची सावली, सगळं जमायला लागलं. मग मी जुना रंग खरवडून वॉचमन नव्याने रंगवला आणि शुक्रवारी मांडला.

"ये कौन है?" रियाजने विचारलं.

"वॉचमनच हाय."

"नाही यार, ये तो साहब लगता है. इसको मारके क्या मजा? पुराना वाला आण, तरच खेळतो."

आठवडाभर बसलो. त्याचे डोळे पुसायचो, पुन्हा तिरळे काढायला जायचो. दर वेळी सरळच यायचे. शेवटी पुढच्या शुक्रवारी वैतागून ब्रश रियाजच्याच हातात दिला. त्याने जन्मात कधी ब्रश धरला नव्हता. दोन ठिपके दिले आणि वॉचमन हुबेहूब परत आला.

रियाज त्याच्याकडे बघत म्हणाला, "इतना तो आसान है. इतकी वर्षं तू शिकत काय होतास?"