टेकडीवरची ओटी

नवस मी आयुष्यात पुष्कळ बोलले हो, पण असा एकच. आमची लेक सुनंदा बाळंतपणात अडली होती. सिल्वासाच्या दवाखान्यात बसून, खानवेलच्या बसमधून दिसणारं टेकडीवरचं देवीच्या देवळाचं शिखर मी डोळ्यांपुढे आणलं आणि म्हटलं, "पोर सुखरूप घरी येऊ दे, तुझी ओटी भरीन." पोर घरी आली, बाळ आलं नाही. तरी बोललेलं फेडायला हवंच. सव्वा महिना झाल्यावर ह्यांना घेऊन निघाले, तर सुनंदाही म्हणाली, "मी येते."

टेकडीच्या उतारावरच्या टप्प्याटप्प्यांच्या जुन्या बागेतून चढत वर पोचलो, तर रखवालदार आडवा आला. "माँजी, ये मंदिर नहीं, रानी की छत्री है. बच्चा जनते टाइम गुजर गई थी."

आमचे हे कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, ही तर राणीची समाधी! देऊळ आहे का, एवढं तरी विचारून नवस बोलायचा!"

बाळ गमावलेल्या लेकीला कुठे आणलं मी! खण-नारळ पदराखाली झाकला. "चल सुनू, खाली चल."

सुनंदा हलली नाही. दवाखान्यातून आल्यापासून ती बाळाबद्दल अक्षरही बोलली नव्हती. म्हणाली, "आई, हिचीच भर. हिला माझं कळेल." आणि तिथेच पायरीवर बसून पहिल्यांदा रडली.

रखवालदार तोंड फिरवून उभा राहिला. मी ओटी भरली.

तुम्ही कधी त्या बागेत गेलात, तर नुसते फोटो काढून परतू नका गं. मूठभर तांदूळ न्या, तिची ओटी भरा.