उसवत मागे

डोळ्यांच्या दवाखान्यात औषध घालून डोळे मिटून बसलेल्या मास्तरीणबाईंच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

“बाबा, मोबाइलवरची ही पट्टी सरकवा. रेघा जाड-बारीक होतात ना? संगणकातलं जाळं, न्यूरल नेटवर्क, असं शिकतं.”

“आणि उत्तर चुकलं तर?”

“चूक शेवटापासून मागे मागे येते, एकेक रेघ थोडी सुधारत.”

“बाही उलटी लागली की आम्ही शिंपी उसवत मागे येतो, तसंच की.”

“वर्षभर वर्गात डोक्यावरून गेलं, या चित्रांनी पास केलं. आभार मानायचे, तर पानाखाली करणाऱ्याचं नावच नाही.”

“नसू दे. कॉलरीच्या आत आपण तरी कुठं नाव शिवतो?”

मास्तरीणबाईंनी पलीकडे बसलेल्या नवऱ्याला हळूच कोपरानं ढोसलं.

“अहो, आपलं ते इंटरनेटवरचं चित्रांचं पान मी सोमवारी बंद करणार होते ना, राहू दे. त्यात एका बाहीचं चित्र काढायचंय.”