हाँगकाँगची खोली

मंडळी, प्रश्न साधा आहे. पाहुणा म्हणून निघालेला माणूस जास्त कशाला जपतो — आपल्या माणसाला, की आपल्या मानाला? लगेच माना डोलवू नका. आधी ऐका.

कराडचे दिनकरराव फडतरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची बायको मंदाकिनी. तिचा पाठचा भाऊ श्रीरंग हाँगकाँगला, बंदरावरच्या गोदामात कामाला. अकरा वर्षं बहीणभावाची भेट नाही. श्रीरंगानं फोन केला, "दाजी, या वर्षी ताईला घेऊन या. घरीच उतरा."

दिनकरराव म्हणाले, "मेव्हण्याच्या घरी पथारी टाकायची? आपण हॉटेल बघू."

आणि बघायला बसले! चार महिने. मंडळी, मुलीसाठी स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती. इंटरनेटवर कुणी लिहिलंय, उशी पातळ आहे. कुणी लिहिलंय, लिफ्ट सावकाश येते. हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटी एक खोली पसंत पडली — बाविसावा मजला, खिडकीतून अख्खं बंदर. श्रीरंगाला कळवलं, "विमानतळावर येऊ नकोस. हॉटेलची गाडी येणार आहे."

पोचले. दिनकररावांनी पडदा सारला. "बघ, कशी जहाजं दिसतायत."

मंदाकिनीबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "रंगाचं घर कुठल्या बाजूला?"

दिनकररावांना उशीची जाडी पाठ होती, मेव्हण्याचा पत्ता विचारलाच नव्हता.

संध्याकाळी श्रीरंग कामावरून परस्पर आला. मळक्या कपड्यांमुळे सोफ्याच्या कडेवर बसला. बहिणीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलास रे."

तो म्हणाला, "घर पलीकडच्या डोंगरामागं आहे, ताई. बोटीनं तासभर. लहान आहे, पण तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. म्हटलं, दाजींचं मन बदललं तर..."

बाई उठल्या. भांडल्या नाहीत. पिशवीत दोन लुगडी टाकली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही जहाजं बघा. मी माहेरी चालले."

दोन दिवस दिनकररावांनी जहाजं बघितली. सकाळी नाश्त्याला चाळीस पदार्थ, पण 'आणखी थोडं घ्या' म्हणणारं कुणी नाही. तिथले नोकर भारी अदबीनं वागत. खोलीचा नंबर विचारत. नाव कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी बोट धरली. श्रीरंगानं जाताना ठेवलेली पत्त्याची चिठ्ठी दाखवत, विचारत विचारत त्याच्या दारात उभे राहिले. आत श्रीरंगाची बायको-मूल धरून चौघं मांडीला मांडी लावून जेवत होती. मंदाकिनीबाई हसत होत्या — कराडात इतक्या हसलेल्या दिनकररावांना आठवेनात.

निवृत्त अधिकारी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "रंगा, मला जागा होईल का रे?"

श्रीरंग म्हणाला, "या की दाजी. सरकून घेऊ."

मंडळी, दिनकररावांना हसलात, बरं केलंत. आता माझ्याकडे बघा. या मांडवात असे किती आहेत, ज्यांचा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो? त्याच्याकडे जायला तुम्हाला आमंत्रण लागतं, कारण लागतं, आणि गेलात तरी चहाला थांबत नाही. जिथं पैसे मोजून साहेब म्हणवून घेता येतं, तिथं मात्र तुम्ही आठवडाभर राहता. पांडुरंगाकडे मी आज एवढंच मागतो — 'मला जागा होईल का' हे विचारायची लाज तुमची सुटू दे. उत्तर देणारं माणूस अजून घरात आहे, तोवर.