नकार दिला, असं लिहा

अदेल्मो : ...फक्त पाणी, दोना एरुंदिना. पाण्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, एवढंच सांगा. उंबू टेकडीवरची मूळ भाषा कानावर पडली, की माझा सरकारी अहवाल पूर्ण आणि वरचा झरा तुमच्या लोकांचा.

एरुंदिना : कॉफी निवतेय, साहेब. घ्या आधी.

अदेल्मो : प्राध्यापक जांदिरा, तुम्ही तरी समजवा तुमच्या आत्याला. तुम्ही शिकलेल्या आहात.

जांदिरा : म्हणूनच मला तुमच्या प्रश्नाचं कौतुक वाटतं. शंभर वर्षांपूर्वी एका पाद्र्याने या भाषेतले अकरा शब्द टिपले, बहुतेक अवयवांचे. ही भाषा कुठल्या कुळातली, यावर विद्वान तेवढ्याच भांडवलावर आयुष्यभर भांडले. शेवटी ‘अवर्गीकृत, मृत’ असा शेरा मारून मोकळे झाले. मृत्यूचं कारण लिहिण्याची तसदी कुणी घेतली नाही.

अदेल्मो : ते माझ्या कक्षेत येत नाही.

जांदिरा : येतं. पोर्तुगीज सोडून दुसरा शब्द तोंडातून निघाला, की तुमच्याच सरकारी शाळेत पोरींना मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावत. आत्या, दाखव गुडघे.

एरुंदिना : गुडघे काय दाखवायचे? मिरवणुकीतले संत आहेत का ते, दर्शन द्यायला?

जांदिरा : जी जीभ सरकारने छाटली, तीच आता सरकारला पुरावा म्हणून टेबलावर हवी आहे.

अदेल्मो : तुमचा संताप समजतो मला. पण झऱ्यावर दावा सांगणाऱ्या इस्टेटवाल्याचा वकील म्हणतो, भाषा नाही म्हणजे जमात नाही. हे साधे खेडूत आहेत, झऱ्यावर यांचा हक्क कसला? मला काहीतरी लिहावंच लागेल. ‘भाषा येत नाही’ असं लिहू?

एरुंदिना : येत नाही, असं मी म्हटलं का?

अदेल्मो : म्हणजे येते?

एरुंदिना : तुम्हाला सांगणार नाही, असं म्हणतेय.

जांदिरा : ‘विचारले असता नकार दिला.’ याच शब्दांत लिहा.

अदेल्मो : नकार लिहिला, तर प्रकरण बंद करता येणार नाही. पुन्हा कुणाला तरी पाठवावं लागेल.

एरुंदिना : पाठवा की. कॉफी आहे घरात.

(जीप उतारावरून दिसेनाशी होते.)

जांदिरा : गेला तो. आत्या, मी तुझ्या भावाची लेक. या भाषेसाठी परक्यांचे ग्रंथ चाळण्यात माझी निम्मी हयात गेली. मला तरी सांग. पाण्याचा शब्द.

एरुंदिना : नाही गं.

जांदिरा : मलाही नकार?

एरुंदिना : नकार नाही, पोरी. शब्दच नाही. त्या दाण्यांवरून उठले, ती रिकामीच उठले. पुढे आईशीसुद्धा पोर्तुगीजच बोलले. ती बिचारी मान हलवायची.

जांदिरा : मग त्याच्यापुढे एवढा ताठा कशाचा?

एरुंदिना : ज्यांनी घर लुटलं, त्यांनाच सांगू, की आत आता काही उरलं नाही?

(जांदिरा साहेबाच्या कपासमोर येऊन बसते.)

एरुंदिना : बसू नको अशी. तो कप विसळून ठेव. पुढच्या साहेबाला लागेल.