दोनच्या आधीची रेघ

(बंदरावरच्या कंटेनर यार्डातल्या मेकॅनिकच्या घरची बाहेरची खोली. बायकोचा धाकटा भाऊ, शिपिंग ऑफिसातला कारकून, नुकताच आला आहे.)

दाजी : उभा का? बस की. हा नवा चष्मा बघ. मास्तर दिसतो ना?

मेहुणा : चांगला दिसतो. पण घेतलात कशाला?

दाजी : कशाला म्हणजे? तीस वर्षं रीफर लावतोय मी. थंड कंटेनर म्हटला की यार्डात आधी मला हाक. आणि फुलांच्या कंदांना अधिक दोनच्या जागी उणे दोन लावून बसलो. अख्खा माल गोठला. डोळे अधू झाल्याशिवाय होतं का असं?

मेहुणा : डॉक्टर काय म्हणाले?

दाजी : नजर ठणठणीत आहे म्हणाले. मीच हट्टानं बारीकसा नंबर काढून घेतला.

मेहुणा : उद्या चौकशीत काय सांगणार?

दाजी : चूक कबूल करणार आणि घरी बसणार. तुझ्या बुकिंग नोटवर उणे दोन होतं, असं शपथेवर सांगितलं असतं मी. पण साहेबांनी फाइल उघडून कागद नाकासमोर धरला. नुसता दोन.

मेहुणा : तुम्ही वाचलंत तेच होतं त्यावर.

दाजी : समजूत काढू नकोस रे.

मेहुणा : समजूत नाही काढत. मला खोड आहे, प्रत्येक शब्दापुढे रेघ मारायची. जहाज, रेघ, जहाजाचं नाव. बंदर, रेघ, बंदराचं नाव. त्या दिवशी ‘तापमान’ ओळीच्या शेवटी आलं. रेघ आणि दोन खालच्या ओळीत गेले.

दाजी : आणि रेघ दोनला चिकटली.

मेहुणा : हो.

दाजी : मग फाइलमधून ती गेली कुठे?

मेहुणा : ताई आत आहे ना?

दाजी : तुला विचारतोय मी.

मेहुणा : नुकसान तपासायला सर्व्हेअर येणार हे कळलं त्या सकाळी मी दुसरी नोट लिहिली. जुनी फाडून टाकली.

दाजी : शिक्का?

मेहुणा : माझ्याच खणात असतो. लाज वाटते, दाजी. मला वाटलं, तुम्ही जुने आहात, ताकीद देऊन सोडतील.

दाजी : रेघेचं मला काही नाही. हात आहे, चुकतो. मीही विचारायला हवं होतं, कंद उण्यात कोण पाठवतं? पण कागदावर असेल ते लावायचं, ही यार्डाची रीत. ते दुसरं मात्र… अरे, वीस दिवस मी पोरीची पुस्तकं चोरून वाचतोय. अक्षर ओळखू येतंय की नाही, बघायला. तू दोनदा जेवून गेलास इथे.

मेहुणा : उद्या साहेबांपुढे सगळं सांगतो. लिहूनच आणलंय, हे बघा.

दाजी : नोकरी जाईल तुझी.

मेहुणा : जाऊ दे.

दाजी : मग आता आत जा, ताईला सांग.

मेहुणा : तिला तुम्हीच सांगा ना. साहेबांपुढे बोलेन मी, तिच्यापुढे नाही जमायचं.

दाजी : मी नाही सांगणार. कागदच चुकला असेल, असं पहिल्या दिवशी बोलून गेलो तर दोन दिवस अबोला धरला तिनं. माझ्या भावावर ढकलू नका, म्हणाली.